निबंधाचे मोल आणि यादीचे माप

१

३ ऑक्टोबर २०२४ या एकाच दिवशी मराठीच्या अभ्यासाशी निगडित असे दोन निर्णय दिल्लीत झाले. केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्यास मान्यता दिली. आणि विद्यापीठ अनुदान आयोगाने आपल्या ५८४ व्या बैठकीत ‘केअर’ या नावाने परिचित असलेली नियतकालिकांची यादी बंद करण्याचे ठरवले. पहिल्या निर्णयाची वार्ता त्याच संध्याकाळी महाराष्ट्रभर पोहोचली. दुसरा निर्णय फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीर सूचनेच्या रूपाने बाहेर आला आणि त्याची चर्चा महाविद्यालयांतील प्राध्यापक-कक्षांपलीकडे फारशी गेली नाही.

वरवर पाहता या दोन निर्णयांचा परस्परांशी काही संबंध नाही. तथापि मराठीच्या अभिजाततेचा पक्ष ज्या साधनांवर उभा राहिला, ती साधने कोणी, कोठे आणि कोणत्या स्वरूपात उपलब्ध करून दिली हे पाहू लागले की दोहोंतील नाते ध्यानात येते. रंगनाथ पठारे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने भाषेच्या प्राचीनत्वाची मांडणी केली तेव्हा तिच्यासमोर कोरीव लेख, प्राकृत ग्रंथ, पोथ्या आणि त्यांच्यावरील सुमारे सव्वाशे वर्षांचे संशोधन होते. हे संशोधन पुष्कळ अंशी सुट्या निबंधांच्या रूपाने झाले. एखाद्याने एक शिलालेख वाचला, दुसऱ्याने त्याचा काळ नाकारला, तिसऱ्याने एका शब्दाची व्युत्पत्ती सांगितली. अशा लहानमोठ्या लेखांचा साठा त्रैमासिकांच्या जुन्या अंकांत पडून राहिला आणि यथाकाल एका राष्ट्रीय निर्णयाच्या उपयोगी पडला. एका शोधनिबंधाचा प्रभाव याहून मोठा तो काय असावा? तरीही त्या निबंधांना कोणी गुण दिले नव्हते, आणि आज प्रचलित असलेल्या कोणत्याही कोष्टकात त्यांचा हा प्रभाव नोंदवण्याची सोय नाही.

एका विशिष्ट शोधनिबंधाचा प्रभाव मोजता येतो काय, आणि येत असल्यास कशाने, हा प्रश्न म्हणूनच केवळ प्रशासकीय नाही. मराठीच्या अभ्यासकाने पुढील दहा वर्षांत काय लिहावे आणि काय लिहू नये, हे या प्रश्नाच्या उत्तरावर ठरणार आहे.

२

संदर्भोल्लेखांवरून लेखनाचा माग काढण्याची आधुनिक कल्पना यूजीन गारफील्ड यांनी १९५५ मध्ये ‘सायन्स’ या साप्ताहिकातील लेखात मांडली. तिचा मूळ हेतू शोध घेण्याचा होता. एखाद्या जुन्या निबंधाचा आधार पुढे कोणी घेतला, त्यावर आक्षेप कोणी घेतला, हे वाचकाला कळावे आणि टाकाऊ ठरलेली विधाने पुनःपुन्हा प्रमाण म्हणून वापरली जाऊ नयेत, एवढीच ती अपेक्षा होती. याच सूचीच्या कामातून पुढे ‘इम्पॅक्ट फॅक्टर’ अर्थात प्रभावांक निघाला. एखाद्या नियतकालिकाने मागील दोन वर्षांत प्रसिद्ध केलेल्या लेखांचे चालू वर्षात किती उल्लेख झाले, याला लेखांच्या संख्येने भागून येणारी ती सरासरी होय. कोणती नियतकालिके सूचीत घ्यावीत आणि ग्रंथालयांनी कोणती मागवावीत, हे ठरवण्यास ती उपयोगी होती. मापनाचा विषय नियतकालिक हा होता, निबंध नव्हता.

नियतकालिकाची सरासरी त्यातील प्रत्येक निबंधाला लावणे गणितदृष्ट्याही टिकत नाही. नॉर्वेतील संशोधक पेर सेग्लेन यांनी १९९७ मध्ये दाखवून दिले की, त्यांनी तपासलेल्या नियतकालिकांत सर्वाधिक उल्लेखिल्या गेलेल्या १५ टक्के लेखांकडेच निम्मे उल्लेख जातात, आणि वरच्या निम्म्या लेखांच्या वाट्याला ९० टक्के. उरलेले निम्मे लेख शेजाऱ्याच्या पुण्याईवर जगतात. २०१२ मध्ये सिद्ध झालेल्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्याने याच कारणास्तव नियतकालिकाचा अंक व्यक्तीच्या अथवा निबंधाच्या मूल्यमापनासाठी वापरू नये असे स्पष्टपणे म्हटले. २०१५ च्या लायडन जाहीरनाम्यातील दहा तत्त्वांपैकी एक तर थेट स्थानिक महत्त्वाच्या संशोधनाचे रक्षण करण्याविषयी आहे. मराठीच्या अभ्यासकाने ते ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

भारतात मात्र वाट उलट दिशेने चालली. आयोगाच्या २०१० च्या नियमावलीने शैक्षणिक कामगिरीचे गुणांक आणले. २०१८ च्या नियमावलीने ते सुधारले. भाषा व मानव्यविद्यांतील एका निबंधास १० गुण ठरवले आणि त्यावर प्रभावांकानुसार वाढीव गुणांची तरतूद केली. प्रभावांक नसलेल्या समीक्षित नियतकालिकास ५, एकपेक्षा कमी असल्यास १०, आणि चढत चढत दहाच्या वर असल्यास ३०. हा अंक थॉमसन रॉयटर्सच्या यादीवरून ठरवावा असे नियमावली सांगते. त्या संस्थेने आपला हा व्यवसाय २०१६ मध्येच विकून टाकला होता. मराठीतून निघणाऱ्या वाङ्मयीन नियतकालिकांचा त्या यादीशी व्यवहारतः संबंधच येत नसल्याने ही चूक मराठीच्या प्राध्यापकाला जाणवलीही नसेल.

दरम्यान यादीचे राज्य सुरू झाले होते. विद्यापीठांच्या शिफारशींवरून आयोगाने २०१७ मध्ये जी मान्यताप्राप्त यादी केली, तिच्यातील १००९ नियतकालिकांची तपासणी पुणे विद्यापीठातील भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली. तिचा निष्कर्ष मार्च २०१८ च्या ‘करंट सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाला : केवळ ११२ नियतकालिके निकषांना उतरली. मे २०१८ मध्ये आयोगाने ४३०५ नावे यादीतून वगळली. त्यानंतर ‘केअर’ची व्यवस्था आली आणि तिचा कक्ष सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातच होता. २०१९ पासून तिने निदान उघड दुकानदारीला काही आळा घातला, हे मान्य केले पाहिजे. परंतु यादी कितीही चोख केली तरी ती नियतकालिकांचीच यादी राहते. आत छापलेल्या निबंधाविषयी ती मौन पाळते.

येथे एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. पटवर्धन व सहकाऱ्यांच्या उपरोक्त निबंधाचा प्रभाव कोणी मोजू म्हणेल, तर त्याने उल्लेख मोजण्याची गरज नाही. निबंध प्रसिद्ध झाल्यावर दोन महिन्यांच्या आत हजारो नावे यादीतून गेली, हाच त्याच्या परिणामाकडे बोट दाखवणारा पुरावा आहे. प्रभाव म्हणजे जगात काही तरी बदलणे. उल्लेखसंख्या ही त्या बदलाची फार तर एक खूण.

३

मराठी संशोधनाच्या इतिहासातून काही निबंधांची पुढची वाटचाल पाहिली म्हणजे प्रचलित मापे कोठे अपुरी पडतात हे नेमके कळते.

पहिले उदाहरण ‘ज्ञानदेव एक की दोन’ या वादाचे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शिवराम एकनाथ भारदे यांनी ‘भारद्वाज’ या नावाने ‘सुधारक’ पत्रात लेख लिहिले आणि ज्ञानेश्वरीचा कर्ता व अभंगांचा कर्ता भिन्न असल्याचे प्रतिपादन केले. हे लेख वृत्तपत्रात आले. त्यांचे तज्ज्ञ-परीक्षण झाले नव्हते. लेखकाने टोपणनाव घेतले होते. त्यांचा मुख्य सिद्धांत पुढील बहुसंख्य अभ्यासकांनी स्वीकारला नाही. असे असूनही ज्ञानदेवांच्या अभंगांची भाषा, त्यांची प्रक्षिप्तता, नाथ आणि वारकरी परंपरांचा संबंध यांविषयीची पुढील अनेक दशकांची चर्चा त्या लेखांना उत्तर देताना घडली. खंडन करण्यासाठी का होईना, अभ्यासकांना भाषिक पुरावा गोळा करावा लागला. भारदे यांचे लेख चुकीचे ठरले असे मानले तरी ते निष्फळ ठरले असे कोणालाही म्हणता येणार नाही. उल्लेखसूचीत विरोधाचा उल्लेख आणि आधाराचा उल्लेख एकाच रकान्यात पडतात. विद्याव्यवहारात मात्र त्यांतील फरक जाणणे हीच खरी विद्वत्ता असते.

दुसरे उदाहरण परशुराम कृष्ण गोडे यांचे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत १९१९ पासून अभिरक्षक म्हणून काम करताना गोडे यांनी चारशेहून अधिक निबंध लिहिले. त्यांतील बहुतेक लहान, एका ग्रंथाचा काळ किंवा एका वस्तूचा इतिहास ठरवणारे. त्यांपैकी एक निबंध १९४३ मध्ये ‘न्यू इंडियन अँटिक्वेरी’त प्रसिद्ध झाला. भारतीय आहारशास्त्राच्या इतिहासाच्या ओघात त्यात जिलेबीचा माग काढलेला आहे, आणि इ. स. १४५० च्या सुमाराच्या जिनसूराच्या ‘प्रियंकरनृपकथे’तील जिलेबीचा उल्लेख पुढे मांडला आहे. युद्धकाळातील कागदटंचाईत निघालेल्या त्या अंकातील या निबंधाचे पुढील दोन वर्षांत किती उल्लेख झाले असते, याची कल्पना करणे कठीण नाही. आज मात्र जिलेबीच्या इतिहासावर लिहिणारा, मग तो अभ्यासक असो की वृत्तपत्राच्या रविवार पुरवणीतला स्तंभलेखक, जिनसूराचे नाव घेतल्याखेरीज पुढे जात नाही. ते नाव कोणामुळे ठाऊक झाले हे त्यांतील पुष्कळांना माहीत नसते. गोडे यांच्या निबंधाने जे सांगितले ते सर्वांचे झाले. सांगणाऱ्याचे नाव मागे पडले.

प्रभावाचा हा प्रकार अनामिक प्रभाव म्हणून ओळखता येईल, आणि मराठीत तो विपुल आहे. आक्षीच्या शिलालेखाचे वाचन करून त्याचा काळ शके ९३४ असल्याचे शं. गो. तुळपुळे यांनी मांडले. पुणे विद्यापीठाने १९६३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या ‘प्राचीन मराठी कोरीव लेख’ या ग्रंथात मराठीच्या आरंभकाळाचा पुरावा एकत्र आला. त्या काळनिर्णयावर पुढे मतभेदही झाले. आता शालेय पुस्तकापासून स्पर्धापरीक्षांच्या मार्गदर्शकापर्यंत आक्षीचा लेख ही एक ‘माहिती’ झाली आहे. तिच्यामागे एका अभ्यासकाचे वाचन आहे, ते वादविषय होऊ शकते, हे विसरले गेले आहे. संशोधनाचा परमोच्च प्रभाव असा असतो की ते संशोधन आहे हेच लोकांना आठवत नाही. कोणत्याही उल्लेखगणनेत या यशाची किंमत शून्य भरते.

४

मराठीतील प्रभावाच्या मापनात आणखी एक अडचण भाषेची आणि लेखनप्रकाराची आहे.

डेक्कन कॉलेजातील इरावती कर्वे यांनी पंढरीच्या वारीवर ‘वाटचाल’ हा लेख मराठीत लिहिला. त्याचा इंग्रजी अनुवाद १९६२ मध्ये ‘जर्नल ऑफ एशियन स्टडीज’मध्ये प्रसिद्ध झाला. तेव्हापासून महाराष्ट्रातील तीर्थयात्रा, जातिव्यवहार आणि प्रदेशभान यांवर जगात कोठेही लिहिणाऱ्या अभ्यासकाला त्या लेखाची वाट चुकवता आलेली नाही. वारीला जाणाऱ्यांचा देश तो महाराष्ट्र, ही त्यातील जाणीव पुढे स्वतंत्र संशोधनाचा विषय झाली. मात्र मूळ मराठी लेखाची गणना मराठी वाङ्मयात ललित लेखात होते. प्रचलित कोष्टकाप्रमाणे तो ‘संशोधन’ या सदरात बसणारच नाही. तोच मजकूर, तीच निरीक्षणे, तीच लेखिका. भाषा आणि छापण्याचे ठिकाण बदलताच तो लेख शोधनिबंध झाला. माप मजकुराला लागते की वेष्टनाला, याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण.

रा. चिं. ढेरे यांच्या बाबतीत हीच गोष्ट ग्रंथाच्या पातळीवर घडली. ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ १९८४ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यास १९८७ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ॲन फेल्डहाउस यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद २०११ मध्ये आला. मधल्या सत्तावीस वर्षांत मराठी वाचू शकणाऱ्यांनीच त्याचा उपयोग केला, आणि त्यांच्या मराठी लेखनातील उल्लेखांची नोंद कोणत्याही जागतिक सूचीने केली नाही. आता उल्लेख वाढत आहेत. पण ते अनुवादाच्या नावावर, २०११ या सालावर जमा होतात. पुढील काळातील एखादा गणनाप्रेमी अभ्यासक विठ्ठलविषयक संशोधन एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात बहरास आले असा निष्कर्ष काढील, आणि आकडेवारी त्याच्या बाजूने उभी राहील.

याच्या जोडीला २०१८ चे कोष्टक ठेवून पाहावे. त्यात राष्ट्रीय प्रकाशकाने काढलेल्या संपूर्ण ग्रंथास १० गुण आहेत आणि एका निबंधासही १०. म्हणजे ‘श्रीविठ्ठल’सारखा ग्रंथ आणि एखाद्या चर्चासत्रानंतर घाईने पूर्ण केलेले सहा पानांचे टिपण तराजूत समान भरतात. ग्रंथाच्या अनुवादास ८. पोथ्यांच्या आधारे सिद्ध केलेली चिकित्सक संहिता, कोश किंवा सूची यांच्यासाठी स्वतंत्र रकानाच नाही. तुळपुळे आणि फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोश १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. महानुभाव वाङ्मयावर काम करणाऱ्याच्या मेजावर तो रोज उघडा असतो. कोश वापरला जातो, त्याचा प्रत्येक वेळी उल्लेख होत नाही. वापर आणि उल्लेख यांच्यातील हे अंतर साधनग्रंथांच्या वाट्याला नेहमीच येते.

दोन लेखकांच्या निबंधास प्रत्येकी ७० टक्के गुण देण्याची तरतूदही याच कोष्टकात आहे. एकट्याने लिहिलेल्या निबंधाचे १० गुण, आणि त्यावर दुसरे नाव घातले की दोघांचे मिळून १४. सहलेखनाचा अतिरेक झाला म्हणून अभ्यासकांच्या नीतिमत्तेला दोष देण्यापूर्वी हे अंकगणित तपासावे.

या सर्वांचा परिणाम अभ्यासकाच्या लेखनावर झाला आहे, आणि खरी हानी येथेच आहे. तीन वर्षे खर्चून एका बाडाची सूची करण्यापेक्षा आपल्या प्रबंधाची सहा प्रकरणे सहा ठिकाणी छापणे लाभाचे ठरते. मोडी वाचण्यास शिकणे, हस्तलिखितांचे पाठभेद नोंदवणे, बोलीचे शब्द गावोगाव फिरून जमवणे, या कामांना वेळ लागतो आणि ती रकान्यात बसत नाहीत. तरुण अभ्यासक त्यांच्याकडे पाठ फिरवतो, तेव्हा त्याचा आळस हे कारण क्वचितच असते. नोकरीचा अर्ज हे कारण असते.

५

या मांडणीवर एक गंभीर आक्षेप संभवतो आणि तो टाळून चालणार नाही. गुणांकांची पद्धत येण्यापूर्वी निवडसमित्या विद्वत्तेचा निवाडा कसा करीत? ओळख, गोतावळा, गुरुपरंपरा, जात, एखाद्या वाङ्मयीन गटाशी असलेली जवळीक, यांचा त्या निवाड्यात किती हात होता, हे महाराष्ट्रातील विद्यापीठीय जीवन पाहिलेल्यांना सांगावयास नको. तालुक्याच्या महाविद्यालयात शिकवणाऱ्या, पुण्या-मुंबईत कोणी पाठीराखा नसलेल्या उमेदवाराला आकडा हा आधार वाटला. आकडा निदान नाव विचारत नाही. ‘गुणवत्तेने पारखावे’ असे म्हणणारे पुष्कळदा आपल्याच माणसांची गुणवत्ता पारखण्याच्या सवयीचे असतात, ही शंका निराधार नाही.

या आक्षेपातील अनुभव खरा आहे. मात्र गुणांकांनी ते संरक्षण प्रत्यक्षात किती दिले? पैसे देऊन निबंध छापणारी नियतकालिके निघाली तेव्हा आकडा विकत मिळू लागला, आणि विकत मिळणाऱ्या वस्तूचा लाभ गरजूपेक्षा ऐपतदाराला अधिक होतो. शिवाय अंतिम निवड मुलाखतीतच होत राहिल्याने गोतावळ्याची जागाही गेली नाही. दुबळ्या उमेदवाराला अशा रीतीने दोन ओझी वाहावी लागली : गुण जमवण्याचे, आणि तरीही कोणाची तरी मर्जी राखण्याचे.

पक्षपाताला खरा प्रतिबंध निवाड्याची कारणे लिहून ठेवण्याने होतो. समितीने उमेदवाराचा निबंध वाचला, त्यात नवे काय आहे आणि काय नाही हे चार वाक्यांत लिहिले, आणि ते लिहिणे उमेदवाराला पाहता आले, तर त्यावर आक्षेप घेता येतो. ‘गुण कमी पडले’ यावर आक्षेप घेता येत नाही. ‘मुलाखत समाधानकारक नव्हती’ यावर तर नाहीच. वाचनावर आधारलेला आणि सकारण लिहिलेला निवाडा हाच पाठीराखा नसलेल्या अभ्यासकाचा अधिक भरवशाचा मित्र आहे.

फेब्रुवारी २०२५ च्या सूचनेनंतर ही गोष्ट तातडीची झाली आहे. यादी गेली; नियतकालिक निवडण्यासाठी सूचक निकष देण्यात आले आणि पारख करण्याची जबाबदारी संस्थांकडे आली. या मोकळ्या जागेत दोन गोष्टी घडू शकतात. प्रत्येक विद्यापीठ आपापली छोटी यादी करील, आणि जुना रोग अधिक अरुंद जागेत वाढेल. किंवा विभाग प्रथमच निबंध वाचू लागतील.

६

दुसरी गोष्ट घडावी असे वाटत असेल तर मराठी विभागांना काही कामे स्वतःच करावी लागतील. त्यांसाठी आयोगाच्या आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही.

पहिले काम उल्लेखसूचीचे. सूचिकार्याची परंपरा मराठीला नवी नाही. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातील मराठी ग्रंथांची सूची केली आणि पुढे १९५० पर्यंतचा काळ तिला जोडला. नियतकालिकांतील लेखांची सूची करण्याचे कामही दाते सूची मंडळाच्या नावाशी निगडित आहे. अभाव आहे तो कोणत्या लेखाचा उल्लेख पुढे कोणी केला हे सांगणाऱ्या सूचीचा. एखाद्या त्रैमासिकाच्या पंचवीस वर्षांच्या शंभर अंकांतील तळटिपा वाचून त्यांची नोंद करणे हे पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या लघुप्रबंधास साजेसे काम आहे. महाराष्ट्र साहित्य परिषदेची पत्रिका, भारत इतिहास संशोधक मंडळाचे त्रैमासिक, वाईचे ‘नवभारत’, मराठी अभ्यास परिषदेचे १९८३ पासूनचे ‘भाषा आणि जीवन’ यांपासून आरंभ करता येईल. पुण्यात यांपैकी पुष्कळ साहित्य एका दिवसाच्या पायपिटीच्या अंतरात उपलब्ध आहे. यंत्राला ‘रा. चिं. ढेरे’, ‘ढेरे रा. चिं.’ आणि ‘डॉ. ढेरे’ हे एकच आहेत हे कळत नाही. शके आणि सन यांचा मेळ घालता येत नाही. नियतकालिकातला लेख पुढे लेखसंग्रहात गेला की त्याचे दोन लेख होतात. विद्यार्थ्याला हे सहज कळते, आणि हे काम करताना त्याला आपल्या विषयाचा इतिहास तळटिपांच्या बाजूने वाचावयास मिळतो.

ही सूची करताना उल्लेखाचा प्रकारही नोंदवावा. चार प्रकार पुरेसे आहेत : आधार, भर, विरोध आणि नुसता नामनिर्देश. भारदे यांच्या लेखांसारख्या लेखनाचे स्थान त्याशिवाय कळणार नाही. आणि ज्याचे दोनशे उल्लेख झाले पण सारेच नामनिर्देशाचे, अशा लेखनाचेही खरे रूप दिसेल.

दुसरे काम अर्जाचे स्वरूप बदलण्याचे. उमेदवाराने वीस निबंधांची यादी देण्याऐवजी आपले तीन निबंध द्यावेत आणि प्रत्येकाबरोबर त्याच्या पुढील आयुष्याविषयी एक पान लिहावे. निबंधापूर्वी त्या प्रश्नाविषयी काय ठाऊक होते, निबंधाने कोणती भर घातली, त्यावर कोणी मतभेद नोंदवला, तो अभ्यासक्रमात, संहितेत, कोशात, रंगभूमीवर किंवा एखाद्या गावाच्या इतिहासलेखनात कोठे उपयोगी पडला. नव्या निबंधाला असे आयुष्य लाभलेले नसते, हे उघड आहे. त्याच्या बाबतीत पहिल्या दोन मुद्द्यांचाच विचार व्हावा. गोडे यांचा निबंध दोन वर्षांत मोजला असता तर त्याच्या वाट्याला काय आले असते, हे येथे आठवावे.

तिसरे काम विभागीय नियतकालिकांचे आहे. मराठी संशोधनपत्रिका निबंध छापतात आणि तेथेच थांबतात. मागील अंकातील निबंधावर पुढील अंकात साधार चर्चा छापण्याची रीत जवळजवळ लुप्त झाली आहे. प्रत्येक अंकात दहा वर्षांपूर्वीच्या एका निबंधाचा फेरविचार करणारे दोन पानी टिपण आले, तर त्या निबंधाचे काय झाले हे वाचकाला कळेल आणि लिहिणाऱ्यालाही आपण दहा वर्षांनी तपासले जाणार आहोत याची जाणीव राहील. कोणत्याही तज्ज्ञ-परीक्षणाइतकीच ही जाणीव उपयोगाची आहे.

चौथे काम सवयीचे आणि म्हणून सर्वांत अवघड. ज्याच्याकडून घेतले त्याचे नाव घ्यावे. मराठी समीक्षेत ‘एका अभ्यासकाने म्हटल्याप्रमाणे’ असे लिहून पुढे जाण्याची प्रथा आहे. वर्गात दिलेल्या टिपणांतून, मार्गदर्शकांतून, व्याख्यानांतून निष्कर्ष फिरत राहतात आणि त्यांचे धनी हरवतात. उल्लेख नाहीत म्हणून मराठी संशोधनाला प्रभाव नाही असे बाहेरचे लोक म्हणतात तेव्हा राग येणे साहजिक आहे. पण ते उल्लेख प्रथम मराठीनेच करावयाचे होते.

अभिजात दर्जाबरोबर मराठीच्या संशोधनासाठी केंद्रे, पदे आणि निधी यांची अपेक्षा वाढली आहे. हा निधी कोणत्या कामाला द्यावा हे ठरवणारी समिती उद्या बसेल तेव्हा तिच्यापुढे पुन्हा आकड्यांचे तक्ते ठेवले जातील, कारण तक्ते तयार करणे सोपे असते आणि निबंध वाचण्यास एक दुपार लागते. त्या समितीतील मराठीच्या प्राध्यापकाने ती दुपार मागून घ्यावी. समोरच्या निबंधात काय आहे हे सांगण्यासाठीच त्याला तेथे बोलावलेले असते.